बालाजी घाट : काशीतील एक मराठी देवस्थान आणि त्याचा नित्यक्रम

हिमालयातून उतरून पूर्वेकडे वाहत निघालेली गंगा काशीजवळ आल्यावर वळण घेते आणि काही अंतर उत्तरेकडे वाहते. या उत्तरवाहिनी प्रवाहाच्या पश्चिम काठावर, उंच दरडीवर, काशी नगरी वसलेली आहे. त्यामुळे तिचे सगळे घाट पूर्वाभिमुख आहेत आणि सूर्याचा पहिला किरण पाण्यावरून थेट पायऱ्यांवर येतो. असी घाटापासून राजघाटापर्यंत सुमारे ८४ घाटांची ही रांग नावेतून पाहताना मराठी यात्रेकरूला एक गोष्ट हटकून जाणवते. मणिकर्णिका ओलांडून नाव उत्तरेकडे जाऊ लागली की नावाडी जी नावे उच्चारतो ती ओळखीची वाटू लागतात : शिंदे घाट, भोसले घाट, गणेश घाट, राम घाट, जटार घाट, ग्वाल्हेर घाट, बालाजी घाट, पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मघाट. पुण्या-साताऱ्यापासून शेकडो कोस दूर, परप्रांतातील एका नदीच्या काठावर मराठ्यांच्या इतिहासाची जणू एक पाने न सुटलेली पोथीच उभी आहे.

या रांगेतील बालाजी घाट हा विस्ताराने मोठा नव्हे. मणिकर्णिकेसारखी त्याची ख्याती नाही, दशाश्वमेधासारखी तेथे संध्याकाळी आरतीला गर्दी लोटत नाही. पंचगंगा घाटाला लागून, मंगलागौरीच्या देवळाखाली तो आहे. घाटावरील बालाजीच्या, म्हणजे वेंकटेशाच्या, मंदिरावरून त्याला हे नाव मिळाले. पेशव्यांच्या आश्रयाने उभी राहिलेली ही वास्तू एकाच वेळी देऊळ होती, वाडा होता आणि यात्रेकरूंचे आश्रयस्थानही होते. तिच्या उभारणीची, उतरणीची आणि पुन्हा सावरण्याची कथा ही कोणत्याही संस्थेच्या आयुष्याविषयी विचार करायला लावणारी आहे.

पेशव्यांपूर्वीची काशी

मराठी माणसाचा काशीशी संबंध पेशव्यांपासून सुरू होत नाही. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पैठणचे रामेश्वर भट्ट काशीस येऊन स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट हे आपल्या काळातील काशीच्या पंडितांचे अग्रणी होते. विश्वनाथाच्या मंदिराची सोळाव्या शतकातील पुनर्बांधणी त्यांच्या पुढाकाराने झाली. त्याच कुळातील विश्वेश्वर तथा गागाभट्ट यांनी १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक विधिपूर्वक पार पाडला, हे मराठी शाळेत इतिहास शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पैठणच्याच संत एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली मराठी टीका काशीत पूर्ण केली. तो दिवस शके १४९५, म्हणजे इसवी सन १५७३ मधील, कार्तिकी पौर्णिमेचा होता. संस्कृत पांडित्याच्या राजधानीत बसून, देशी भाषेत लिहिलेला एक महान ग्रंथ तेथे सिद्धीस गेला, ही गोष्ट मराठी भाषेच्या इतिहासात फार महत्त्वाची आहे.

कार्तिक महिना आणि पंचगंगा यांचा संबंध तर विशेषच. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्यांचा तेथे संगम होतो अशी श्रद्धा आहे. डोळ्यांना दिसते ती एकटी गंगा, बाकीच्या श्रद्धेने वाहतात. या तीर्थाचे अधिदैवत बिंदुमाधव. कार्तिकस्नानासाठी भाविक येथे पहाटे उतरतात आणि रात्री उंच वेळूंच्या टोकाला टोपल्यांतून आकाशदिवे लावले जातात.

बिंदुमाधवाच्या जुन्या मंदिराचे वर्णन एका परक्या प्रवाशाने करून ठेवले आहे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये १६६५ साली बनारसला आला होता. त्याने नोंदवले आहे की हे मंदिर क्रुसाच्या आकाराचे असून त्याच्या चारही भुजा सारख्या लांबीच्या आहेत, मध्यभागी अनेक पैलूंचा उंच शिखराकार घुमट आहे आणि प्रत्येक भुजेच्या टोकाशी आणखी एकेक मनोरा आहे. युरोपातील चर्च पाहून तयार झालेल्या त्या नजरेला वैष्णव मंदिराच्या तलविन्यासात आपल्याकडची ओळखीची आकृती दिसली. त्याहून लक्षणीय म्हणजे मंदिराशेजारी राजा जयसिंगाने स्थापलेली एक पाठशाळाही त्याने पाहिली. कुलीन घराण्यांतील मुले तेथे ब्राह्मण गुरुजींपाशी शिकत बसलेली त्याला आढळली. देऊळ आणि शाळा एकमेकांच्या सावलीत नांदत होती.

ताव्हेर्नियेच्या भेटीनंतर चारच वर्षांनी, १६६९ साली, औरंगजेबाच्या आज्ञेने काशीतील प्रमुख मंदिरे पाडली गेली. बिंदुमाधवाच्या जागी मशीद उभी राहिली. देव मात्र घरांच्या आडोशाला गेले आणि पूजा चालू राहिली. आज बिंदुमाधवाचे जे मंदिर पंचगंगेवर आहे ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधवले. बाहेरून पाहणाऱ्याला ते मंदिर आहे हे सांगावे लागते, कारण त्याचे रूप राहत्या घरासारखे आहे.

राज्य नसलेल्या भूमीवर

अठराव्या शतकात मराठ्यांच्या फौजा दूरदूरच्या प्रांतांत पोहोचल्या. काशी मात्र मराठ्यांच्या राज्यात कधीच आली नाही. ती आधी अवधच्या नवाबांच्या छत्राखाली आणि बनारसच्या राजांच्या अंमलात होती. १७७५ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. असे असूनही काशीच्या घाटांची आजची मुद्रा ज्यांनी घडवली त्यांत मराठ्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. काशी हिंदू विश्वविद्यालयात अध्यापन केलेले इतिहासकार डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनी काशीच्या इतिहासावरील आपल्या १९३७ सालच्या ग्रंथात हेच मत मांडले आहे.

ज्या भूमीवर आपले शिपाई नाहीत, ज्या चावडीवर आपला हुकूम चालत नाही, तेथे एवढी बांधकामे कशी झाली, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर माणसांत आहे. गोदातीरावरील कायगावचे नारायण दीक्षित पाटणकर हे पेशवे घराण्याला गुरुस्थानी होते. ते काशीस येऊन राहिले आणि ब्रह्मघाट व दुर्गा घाट यांच्या बांधणीशी त्यांचे नाव जोडले गेले. सदाशिव नाईक जोशी यांच्यासारखे जबाबदार गृहस्थ पेशव्यांच्या वतीने घाटांची कामे पाहत. पुण्याहून पैसा येई. तो सावकारी हुंड्यांच्या वाटेने फिरे. स्थानिक सत्ताधीशांशी सलोखा राखावा लागे, शेजाऱ्यांची समजूत घालावी लागे. या सगळ्या व्यवहाराला तलवारीहून अधिक चिकाटी लागत होती.

या व्यवहारामागची श्रद्धा किती खोल होती याचे उदाहरण म्हणजे थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई यांची काशीयात्रा. १७३५ मध्ये त्या पुण्याहून निघाल्या आणि पुढच्या वर्षी परतल्या. वाटेतील रजपूत संस्थानिकांनी त्यांचा आदरसत्कार केला आणि मोगलांच्या सरदारांनीही त्यांच्या यात्रेत अडथळा येऊ दिला नाही. ज्यांच्याशी रणांगणावर सामना चालू होता त्यांनीही एका वृद्ध मातेच्या तीर्थयात्रेचा मान राखला. असंख्य सामान्य मराठी कुटुंबांनाही आयुष्यात एकदा काशी घडावी अशी ओढ होती. त्यांना उतरायला जागा हवी, क्षौर-श्राद्धादी विधींसाठी आपली भाषा समजणारे उपाध्ये हवे, दोन वेळचे अन्न हवे. घाटावरील वाडे आणि अन्नछत्रे ही या गरजेतून आलेली व्यवस्था होती.

पुढील पिढ्यांनी हे कार्य वाढवले. अहिल्याबाई होळकर यांनी विश्वनाथाचे विद्यमान मंदिर उभारले. पंचगंगेवरील हजार दिव्यांची दगडी दीपमाळही त्यांचीच देणगी मानली जाते; कार्तिकी पौर्णिमेला ती उजळते. नागपूरकर भोसल्यांनी आपला घाट बांधला. अमृतराव पेशवे उत्तरायुष्यात काशीत राहिले आणि त्यांनी गणेश घाटासारखी कामे केली. बायजाबाई शिंदे यांनी ज्ञानवापीभोवतीचा स्तंभमंडप उभारला आणि शिंदे घाटाचे भव्य काम हाती घेतले. कर्तृत्ववान स्त्रियांची नावे या यादीत ठळकपणे येतात, हे विद्यार्थिनींना आवर्जून सांगण्याजोगे आहे.

वास्तूची घडण

बालाजी घाटाकडे नदीतून पाहिले असता आधी देऊळ दिसत नाही, वाडाच दिसतो. काशीतील मराठी देवस्थानांचे हे एक वैशिष्ट्य म्हणता येईल. उत्तर भारतीय शैलीचे उंच शिखर येथे दृष्टीस पडत नाही. देव वाड्याच्या आत, वरच्या बाजूस असतो आणि त्याच्यापुढे खांबांचा सभामंडप असतो. पुणे, वाई, नाशिक येथील जुन्या वाड्यांतून देवघर, चौक आणि सोपा यांची जी रचना आढळते तिचीच ही घाटावरची आवृत्ती होय. भाविक जणू एखाद्या कर्त्या गृहस्थाच्या घरी जावे तसा पायऱ्या चढून, देवडी ओलांडून देवाच्या भेटीला जातो.

या रचनेला भक्तीइतकाच नदीचाही आग्रह कारणीभूत आहे. गंगेचे पाणी उन्हाळ्यात खाली जाते आणि पावसाळ्यात दहा मीटरांहून अधिक चढते. वाराणसीत ७१.२६ मीटर ही धोक्याची पातळी धरली जाते. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९ मीटरपर्यंत गेले होते. म्हणून घाटावरील वास्तूचा खालचा भाग किल्ल्याच्या तटासारखा भरीव ठेवावा लागतो. भिंती तळाशी रुंद आणि वर निमुळत्या असतात, कोपऱ्यांना बुरुज दिलेले असतात, खिडक्या आणि सज्जे पुराच्या रेषेच्या बऱ्याच वर येतात. पंचगंगेवर पायऱ्यांच्या अंगाने नदीकडे उघडणाऱ्या ज्या दगडी कोठड्या आहेत त्या पावसाळ्यात पाण्याखाली असतात आणि हिवाळ्यात साधकांच्या उपयोगी पडतात.

बांधकामाचा दगड हा चुनारचा वालुकाश्म. चुनार हे गाव काशीच्या वरच्या अंगाला गंगेकाठीच असल्याने शिळा नावांतून प्रवाहाबरोबर खाली आणता येत. हा दगड कोरायला सोपा आणि दिसायला उबदार रंगाचा. पण ओल्या-सुक्याच्या सततच्या चक्रात त्याचे पापुद्रे सुटतात. पातळ जुन्या विटा, चुना आणि विटांची भुकटी यांच्या भिंतींतून झाडांची मुळे शिरतात. घाटाखालची माती नदी सतत खरवडत असते. बायजाबाईंच्या शिंदे घाटाचे मूळ काम स्वतःच्याच भाराने खचले, यावरून या काठावर बांधणे किती जोखमीचे होते ते कळते. काशीच्या घाटावरील कोणतीही इमारत एकदा बांधून निश्चिंत होता येत नाही. दर पावसाळ्यानंतर गाळ उपसावा लागतो, सांधे भरावे लागतात, निसटलेली पायरी बसवावी लागते. हे काम करणारे हात थांबले की वास्तूचे दिवस मोजले जाऊ लागतात.

नित्यक्रम आणि आश्रय

देवस्थान म्हणजे केवळ दगड-लाकूड नव्हे. पेशवेकाळात देवस्थान स्थापताना त्याच्या नित्यक्रमाची सोय आधी पाहिली जाई : पूजेला उपाध्ये, नैवेद्याला शिधा, दिव्याला तेल, झाडलोटीला माणूस, आणि नगारखान्यात वाजंत्री. पहाटे देवाला जागवायला आणि ठरावीक प्रहरी त्याच्या दारी सनई-चौघडा वाजला पाहिजे, ही मराठी देवस्थानांची रीत. जेजुरीपासून तुळजापूरपर्यंत कोणत्याही मोठ्या देवळाच्या दरवाजावर नगारखाना असतो तो याचसाठी. काशीच्या बालाजीलाही नौबतखाना होता.

१८१८ साली पेशवाई संपली. दुसरे बाजीराव कानपूरजवळच्या ब्रह्मावर्ती, म्हणजे बिठूरला, जाऊन राहिले आणि १८५१ मध्ये तेथेच वारले. ज्यांच्या खजिन्यातून काशीचे वाडे उभे राहिले होते तो खजिना उरला नाही. त्यांचे बंधू चिमाजी अप्पा काशीस राहिले. त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांची कन्या याच नगरीत जन्मली आणि पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई म्हणून इतिहासात अमर झाली. बालाजी घाटाची वास्तू एकोणिसाव्या शतकात ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे आली. मालक बदलले, आश्रय आटला. प्रश्न उरला तो हा, की संस्थापक गेल्यावर अशी संस्था जगते कशावर?

हा प्रश्न केवळ काशीचा नव्हता. त्याच सुमारास गोव्यात तो अधिक कठोर रूपात उभा राहिला. आपल्याकडे ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द इंग्रजी शाळेच्या अर्थाने रूढ झाला आहे. मुळात त्याचा अर्थ संन्यस्त ख्रिस्ती स्त्री-पुरुषांचा मठ. मठ आणि त्याला जोडलेले चर्च, मधोमध चौक, भोवती ओवऱ्या, वर साधकांच्या खोल्या, ग्रंथालय, अध्ययनाची दालने अशी त्याची रचना असते. देवडी, चौक, सभामंडप आणि पाठशाळा असलेल्या आपल्या मठ-वाड्याशी तिचे साम्य सहज ध्यानात येते. जुन्या गोव्यातील टेकडीवर ऑगस्टिनियन संन्याशांनी असा एक विशाल मठ आणि त्याचे चर्च सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधिकाळात बांधले. त्याचा जांभ्या दगडाचा मनोरा ४६ मीटर उंच होता. १८३० च्या दशकात पोर्तुगीज सरकारने संन्यासी संघांवर बंदी घातली आणि १८३५ मध्ये मठ ओस पडला. अवघ्या सात वर्षांनी, १८४२ मध्ये, चर्चची कमान कोसळली. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला. आज तेथे अर्धा मनोरा आणि उघड्यावर पडलेल्या समाधिशिला आहेत. त्याच टेकडीवर शेजारी असलेला संत मोनिकाचा जोगिणींचा मठ मात्र उभा राहिला. नव्या उमेदवार घेण्यास बंदी झाली तरी आतल्या जोगिणींना तेथेच राहू दिले गेले. १८८५ मध्ये शेवटची जोगीण निवर्तली, तोवर प्रार्थना, दिवाबत्ती आणि डागडुजी चालू होती. दगड तोच, पाऊस तोच. फरक होता तो आत राहणाऱ्या माणसांचा.

ऑगस्टिनियन मनोऱ्यातील मोठी घंटा तेवढी वाचली. ती पुढे १८७१ मध्ये पणजीच्या चर्चच्या दर्शनी भागावर बसवण्यात आली आणि आजही वाजते. काशीत मात्र उलट घडले. तेथे वास्तूच्या आतच नाद जिवंत राहिला, आणि त्या नादाने वास्तूचे नाव जगभर नेले.

नौबतखान्यातील साधना

बिहारमधील डुमराँव येथे १९१६ साली जन्मलेला एक मुलगा लहानपणी काशीस आपल्या मामांकडे आला. मामा अलीबक्ष ‘विलायतू’ हे विश्वनाथाच्या मंदिरात सनई वाजवणारे नामवंत कलावंत होते. त्यांच्या हाताखाली तो मुलगा बालाजीच्या मंदिरात रियाजाला जाऊ लागला. पहाटे, गंगेवर धुके असताना, पेशव्यांच्या या जुन्या देवस्थानात तासन् तास स्वर घोटले जात. पंचगंगेच्या गल्लीतून जाताना रसूलनबाई आणि बतूलनबाई या गायिका भगिनींच्या घरातून ठुमरी-टप्प्याचे सूर कानावर येत. संगीताची पहिली ओढ आपल्याला तेथून लागली, असे या कलावंताने पुढे सांगितले आहे. बालाजीच्या देवळात सनई वाजवल्याबद्दल त्या काळी दिवसाला आठ आणे मिळत, अशीही आठवण नोंदलेली आहे.

हे कलावंत म्हणजे उस्ताद बिस्मिल्ला खाँ. लग्नमांडवाच्या दारात आणि देवळाच्या नगारखान्यात वाजणारे वाद्य त्यांनी शास्त्रीय मैफलीच्या व्यासपीठावर नेऊन बसवले. १९३७ च्या कलकत्त्यातील संगीत परिषदेने त्यांच्याकडे देशाचे लक्ष वेधले. स्वातंत्र्याच्या आणि प्रजासत्ताकाच्या पहाटे दिल्लीत त्यांची सनई वाजली. १९५९ च्या ‘गूंज उठी शहनाई’ या चित्रपटाने ती घरोघर पोहोचवली, आणि महाराष्ट्रात तर त्यांच्या ध्वनिमुद्रिकेवाचून मंगलकार्य अपुरे वाटावे, असा काळ येऊन गेला. २००१ मध्ये त्यांना ‘भारतरत्न’ने गौरवण्यात आले आणि २००६ मध्ये त्यांनी देह ठेवला.

उस्ताद श्रद्धावान मुसलमान होते. पाच वेळचा नमाज आणि मोहरमचे शोकविधी ते निष्ठेने पाळत. तरीही काशीबाहेर असताना वाजवायला बसण्यापूर्वी विश्वनाथ आणि बालाजी यांच्या दिशेकडे तोंड करून ते क्षणभर सनई वाजवत, असे त्यांच्या चरित्रविषयक लेखनात नमूद आहे. परदेशात स्थायिक होण्याचे आमंत्रण आले तेव्हा, तेथे गंगा कोठून आणणार, असा त्यांचा प्रश्न असे. पुण्याच्या ब्राह्मण पेशव्यांनी स्थापलेल्या वेंकटेशाच्या दारी बिहारी मुसलमान घराण्यातील कलावंताने तपश्चर्या करावी आणि त्या देवाला आयुष्यभर मनात जपावे, याहून काशीचे यथार्थ वर्णन दुसरे कोणते असेल? संस्थापकांच्या मनात हे नसेलही. त्यांनी फक्त एवढे ठरवले होते की देवाच्या दारी रोज सनई वाजावी. तो नेम पिढ्यानपिढ्या टिकला, म्हणून त्या मुलाला बसायला जागा मिळाली.

पडझड आणि सावरणे

नेम टिकला तरी वास्तूला तिच्या वाट्याची झीज भोगावी लागलीच. वर्षानुवर्षे पुरेशी डागडुजी न झाल्याने बालाजी घाटावरील इमारतीचा काही भाग ढासळला. भिंतींना भेगा गेल्या, मुळांनी सांधे उकलले. २०१२ सालासाठी न्यूयॉर्क येथील वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने जगातील धोक्यात असलेल्या वारसास्थळांची जी यादी प्रसिद्ध केली तीत बालाजी घाटाचा समावेश होता. त्यानंतर वारसाजतनाचे काम करणाऱ्या ‘इन्टॅक’ या भारतीय संस्थेच्या सहभागाने तेथील दुरुस्तीचे काम झाले. जुन्या वास्तूच्या जतनात सिमेंटचा गिलावा थापून भागत नाही. चुनारच्या दगडाला चुनारचाच दगड जोडावा लागतो, चुन्याच्या भिंतीला चुनाच लागतो, कारण चुना भिंतीतील ओल बाहेर पडू देतो आणि सिमेंट ती कोंडून ठेवते. त्यासाठी जुने कसब जाणणारे गवंडी आणि पाथरवट हवेत, आणि ते कसब नव्या हातांना शिकवायला हवे.

आजूबाजूच्या मोहल्ल्यांतील मराठी वस्ती आता पूर्वीसारखी दाट राहिलेली नाही. तरीही ब्रह्मघाट परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला गणेशोत्सव साजरा होतो आणि रामघाटावरील सांगवेद विद्यालयात वेदाध्ययन चालते. काशीच्या मराठी कुटुंबांनी आपल्या भोवतालच्या समाजालाही भरभरून दिले. याच नगरीत १८८३ साली जन्मलेले बाबूराव विष्णू पराडकर यांनी ‘आज’ या दैनिकाच्या संपादनातून हिंदी पत्रकारितेला वळण लावले. आजही हिंदी पत्रकार त्यांना गुरुस्थानी मानतात. घरात मराठी जपणाऱ्या माणसाने शेजारच्या भाषेला समृद्ध केले. मातृभाषेतील शिक्षण माणसाला आखूड करते, अशी शंका घेणाऱ्यांनी पराडकरांचे चरित्र अवश्य पाहावे.

बालाजी घाटाचा इतिहास असा अनेक हातांतून गेलेला आहे. नकाशा आखणारे, हुंडी पाठवणारे, शिळा वाहणारे नावाडी, पाथरवट, उपाध्ये, तेल-वातीची काळजी घेणारे, गाळ उपसणारे आणि सनईला फुंकर घालणारे अशा सर्वांचा तो आहे. त्यांतील फार थोड्यांची नावे शिळेवर कोरली गेली. वास्तू मात्र सर्वांनी मिळून राखली.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने मराठी माध्यमाच्या शाळेचे माजी विद्यार्थी आणि पालक एकत्र येतात तेव्हा हा इतिहास परका वाटू नये. शाळेचीही एक इमारत असते आणि एक नित्यक्रम असतो. सकाळची प्रार्थना, फळ्यावरचा सुविचार, परिपाठ, शुद्धलेखन, ग्रंथालयातील पुस्तकांची देवघेव, पावसाळ्यापूर्वी शाकारलेले छप्पर यांतून साठ वर्षे उभी राहतात. संस्थापकांची पिढी हळूहळू दृष्टीआड होते, आश्रयाची साधने बदलतात, पटसंख्येची चिंता दरवर्षी जूनमध्ये दाराशी येते. अशा वेळी माजी विद्यार्थ्यांनी दिलेली देणगी जितकी मोलाची, तितकाच मोलाचा असतो आपल्या पाल्याचे नाव मराठी शाळेच्या पटावर घालणाऱ्या पालकांचा निर्णय. नौबतखाना बांधणे हे एका पिढीचे काम होते. तेथे रोज पहाटे कोणीतरी येऊन बसले पाहिजे, ही जबाबदारी त्यानंतरच्या प्रत्येक पिढीची. पुढचा सूर कोणत्या मुलाच्या कंठातून उमटेल, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. दार तेवढे उघडे ठेवले पाहिजे.